या हाताचं त्या हाताला

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये देशमाने मॅडम नावाच्या ट्यूटर होत्या. बोधकथेतले गुरुजी बहुधा पांढऱ्या दाढीचे आणि शांत असतात. या बाई चाळिशीच्या, फटकळ आणि कायम घाईत. घाईला कारण होतं. जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला चाळीस विद्यार्थी, त्यात पाच मुलगे, आणि कॅथेटर घालायला शिकवायचं तर मॅनिकिन एकच. त्या बाहुलीला मुली शेवंताआजी म्हणत.

अशा बाहुलीवर नर्सिंग शिकवायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयातल्या नर्सिंग शाळेसाठी 1911 साली मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी माणसाच्या उंचीची बाहुली करून दिली होती. तिचं नाव पडलं मिसेस चेस. तिच्यावर किती मुलींचे हात बसले असतील देव जाणे. शेवंताआजीचा डावा गुडघा खिळखिळा झाला होता आणि पोटाच्या रबराला चीर गेली होती, तरी तिचं काम चालू होतं.

शिकवण्याची रीत ठरलेली. मॅडम एकदा करून दाखवणार, पुढच्या दोन रांगांना हात दिसणार, मागच्यांना पुढच्यांच्या वेण्या. मग प्रत्येकीची पाळी. मॅडम शेजारी उभ्या राहून "ग्लोव्ह आतल्या बाजूने धर", "एक बोळा एकदाच फिरव, वरून खाली", "बॅग जमिनीला टेकलीय बघ" असं बोलत राहणार आणि शेवटी प्रोसिजर बुकात सही करणार. सही झाली की प्रोसिजर आली.

अडचण एकाच ठिकाणी यायची. मॅडम म्हणायच्या, "तुझा डावा हात ट्रेला लागला." मुलगी म्हणायची, "नाही मॅडम, नाही लागला." यात मुलगी खोटं बोलत नसे, हे मॅडमना बऱ्याच वर्षांनी उमगलं. तिला खरोखरच कळलेलं नसे. इंग्लंडमध्ये 1978 साली टेलर यांनी नर्सेसना हात धुवायला लावून रंगाच्या मदतीने सुटलेल्या जागा शोधल्या होत्या. अंगठे, बोटांची टोकं, बोटांच्या बेचक्या वारंवार कोरड्या राहिलेल्या निघाल्या. त्या नर्सेसनीही मनापासूनच हात धुतले होते.

डाव्या हाताची भानगड काय ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढची गोष्ट तिच्यावर उभी आहे. बाईला कॅथेटर घालताना दोन्ही हातांत निर्जंतुक ग्लोव्हज असतात. डाव्या हाताने मूत्रमार्गाची जागा मोकळी करून धरायची. त्या क्षणापासून तो हात रुग्णाचा झाला. तो तिथून हलायचा नाही आणि ट्रेकडे परत यायचा नाही. पुसणं, जेली लावलेला कॅथेटर उचलणं, आत सरकवणं सगळं उजव्या हाताचं काम. डावा हात सवयीने ट्रेकडे वळला आणि कॅथेटरच्या टोकाला लागला, तर बाहेरचे जंतू थेट मूत्राशयात. तसाही कॅथेटर आत असला की दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याचा धोका 3 ते 7 टक्क्यांनी वाढत जातो आणि रुग्णालयात होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कॅथेटरशी जोडलेले असतात. त्यात आपण पहिल्याच मिनिटाला भर घालायची नाही, एवढंच नर्सच्या हातात असतं.

तर एका सोमवारी मॅडमनी सलाईनचा स्टँड शेवंताआजीच्या पायाशी आणून ठेवला आणि त्याच्या दांड्याला दंडाला बांधायच्या रबरी पट्टीने स्वतःचा मोबाईल आवळून बांधला. चौकटीत ट्रे, दोन्ही हात, आजीचा चेहरा आणि करणारीचा मास्क इतकं यायला हवं होतं. ते जमवण्यात अर्धा तास गेला.

कल्पना त्यांची नव्हती. स्टॅनफर्डमध्ये 1963च्या सुमारास होतकरू शिक्षकांचे छोटे पाठ टेपवर उतरवून त्यांनाच दाखवायला सुरुवात झाली होती. कोरियात तर 2010 साली नेमक्या फोली कॅथेटरवरच नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. स्वतःचं चित्रण बघून स्वतःला तपासणाऱ्यांचं कौशल्य सुधारलं आणि रुग्णाशी बोलणंही. मॅडमनी तो वाचला होता. त्यांची स्वतःची भर म्हणजे तीन पेनं.

प्रत्येकीला पंचवीस मुद्द्यांची यादी मिळे. यादीचं कुणाला नवल नव्हतं. स्कॉटलंडमधल्या डंडीत हार्डन यांनी 1975 साली टेबलाटेबलावर विभागलेली आणि यादीवर तपासली जाणारी परीक्षा मांडली, तेव्हापासून ती जगभर फिरत आहे आणि आपल्या मुलीही तिला 'ऑस्की' म्हणून ओळखतात. मात्र ती यादी परीक्षकाच्या हातात असते. इथे ती करणारीच्या हातात आली. प्रोसिजर संपली की व्हिडिओ बघण्याआधीच निळ्या पेनाने आठवणीतून खुणा करायच्या. मग व्हिडिओ बघून त्याच कागदावर लाल पेनाने. शेवटी मॅडम हिरव्याने. मार्क कुठल्याच रंगाला नाहीत. व्हिडिओ मुलीने बघितला, मॅडमनी बघितला की पुसून टाकायचा. वॉर्डात मोबाईल खिशातूनही काढायचा नाही. रुग्णाचं चित्रण होणार नाही म्हणजे नाही.

वर्गात भाग्यश्री पहिली येणारी. सांगोल्याकडची, डाळिंबाच्या बागेत वाढलेली, हात कमालीचा चपळ. तिचं काम बघत राहावं असं होतं. सिरिंजमध्ये दहा मिली डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवणं, युरोबॅगची नळी आधीच सोडवून ठेवणं, सगळं न बघता होई. तिने निळ्या पेनाने पंचवीसपैकी चोवीस खुणा केल्या. व्हिडिओ बघून लाल पेनानेही चोवीस. व्हिडिओ बघताना ती किंचित हसत होती, आपलाच लग्नाचा अल्बम बघावा तशी.

मॅडमच्या हिरव्या खुणा अठरा होत्या. पण त्यांनी कागद दाखवला नाही. "आता फोन पालथा ठेव," त्या म्हणाल्या, "आणि नुसतं ऐक."

भाग्यश्रीने फोन टेबलावर पालथा घातला. कागदी पाकीट फाटल्याचा आवाज आला. किडनी ट्रे स्टीलच्या ट्रॉलीवर आपटला. ग्लोव्हचं रबर फटकन वाजलं. मध्येच कुणीतरी सिनेमातलं गाणं गुणगुणत होतं, ते आपणच हे तिला जरा उशिरा कळलं. मग तिचाच आवाज, "अंजुम, जेली कुठाय गं?" मग पुन्हा पाण्याची खुळखुळ. पाच-सहा मिनिटांत शेवंताआजीला उद्देशून एक शब्द नव्हता.

यादीतला पहिला मुद्दा होता, 'रुग्णाला प्रक्रिया समजावून सांगितली.' त्यापुढे निळी खूण होती आणि लालही.

"पण मॅडम, बाहुलीशी काय बोलणार?"

"खूण तर केलीस."

यावर भाग्यश्रीकडे उत्तर नव्हतं. मॅडमनी मग आवाज बंद करून चित्र लावायला सांगितलं आणि एकच अट घातली, की फक्त डाव्या हाताकडे बघायचं, उजवा हात काहीही करो. तिने बघितलं. डावा हात जागेवर बसला, उजव्याने पुसलं, आणि बोळा टाकताना किडनी ट्रे लांब वाटला म्हणून डावा हात अलगद सुटला, ट्रेपर्यंत आला, ट्रे दोन बोटं ओढला आणि परत जागेवर गेला. सगळं मिळून दोन सेकंदही नसतील. भाग्यश्रीने ते पुन्हा लावलं. मग परत एकदा. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं ती बघत होती.

व्हिडिओ दाखवला की चूक आपोआप दिसते, असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वतःचं भाषण कधी ऐकलेलं नसावं. माणूस स्वतःच्या चित्रात आधी स्वतःचं कौतुक नाहीतर स्वतःचं नाक बघतो. कुठे बघायचं ते कुणीतरी आधी बोट ठेवून सांगावं लागतं, आणि तेवढ्यासाठी शिक्षक लागतो.

अंजुमची गोष्ट उलटी. ती उदगीरची, अबोल, कामाला संथ. तिच्या निळ्या खुणा अकरा भरल्या. व्हिडिओ बघून लाल सतरा झाल्या आणि मॅडमच्या हिरव्या एकोणीस. म्हणजे भाग्यश्रीपेक्षा एक जास्त. डावा हात तिचा जागचा हलला नव्हता. शेवंताआजीला तिने हळू आवाजात "आता गार लागेल हं" असंही म्हटलं होतं आणि त्यापुढे खूण करायचीच विसरली होती.

"तुझ्या निळ्यात आणि हिरव्यात आठचं अंतर आहे," मॅडम म्हणाल्या. "हे कमी करायचं."

अंजुम मान खाली घालून हसली. मॅडमनीही विषय तिथेच सोडला. भाग्यश्रीचं अंतर सहाचं होतं, त्यावर त्यांनी पाऊण तास घालवला होता. अंजुमच्या आठवर पाऊण मिनिट. मुलगी साधी आहे, पाय जमिनीवर आहेत, असंच आपल्याकडे अशा वेळी म्हटलं जातं आणि ते कौतुकाने म्हटलं जातं. मलाही तिथे काही वावगं वाटलं नसतं.

त्या दिवसांत फीमेल वॉर्डच्या इनचार्ज मोरे सिस्टर एकदा स्किल लॅबमध्ये डोकावल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, वॉर्डात दरारा. "काय मॅडम, पिक्चर काढताय म्हणे?" असं म्हणत त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी एक व्हिडिओ बघायला मागितला. मोरे सिस्टरांचं काम विजेसारखं. एका हाताने सलाईन, दुसऱ्याने इंजेक्शन, तोंडाने नातेवाइकांना बाहेर काढणं. पुस्तकातल्या चार पायऱ्या त्या एका पायरीत उरकत आणि मुली वॉर्डात गेल्या की ते आधी शिकत. देशमाने मॅडमना वाटलं, आता या म्हणणार, वॉर्डात असले सोपस्कार करायला वेळ कुणाला आहे.

सिस्टरांनी अर्धा मिनिट बघितलं आणि विचारलं, "पडदा कुठाय?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. लॅबमध्ये पडदाच नव्हता. यादीत दुसरा मुद्दा होता, 'पडदा ओढून आडोसा केला,' आणि चाळीसच्या चाळीस कागदांवर त्यापुढे खुणा होत्या. निळ्या, लाल आणि हिरव्यासुद्धा.

"दार सताड उघडं, ही पोरं इथं उभी, आणि बाईला उघडी टाकलीय," मोरे सिस्टर म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात एक वेळ ग्लोव्ह नसेल, पण पडद्याबिगर मी कुणाला हात लावत नाही." दुसऱ्या दिवशी दोन स्टँड आणि एक जुनी हिरवी चादर लॅबमध्ये आली.

दिवाळीनंतर वॉर्डाचं पोस्टिंग लागलं. घरात पाय घसरून मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलेल्या एक आजी दाखल होत्या, ऑपरेशन दोन दिवसांवर. त्यांना फोली घालायचा होता आणि मॅडमनी काम भाग्यश्रीला दिलं. मदतीला अंजुम. मोडलेला पाय पसरता येत नाही म्हणून गुडघा आधाराने धरून ठेवायचा आणि टॉर्च दाखवायची, हे तिचं काम. मॅडम पलंगाच्या पायथ्याशी.

भाग्यश्रीने पडदा ओढला. आजींना सांगितलं, काय करणार आहे, कशासाठी, किती वेळ लागेल. आजी म्हणाल्या, "कर बाई, पण हळू." पुसेपर्यंत सगळं नीट झालं. तेवढ्यात पडद्यापलीकडे शेजारच्या बाईची सुई निघून रक्त यायला लागलं आणि मॅडम तिकडे वळल्या. इकडे आजींना कळ आली. त्यांनी कंबर हलवली, डावा हात सुटला, उजव्या हातातला कॅथेटर घसरून ट्रेच्या काठाकडे चालला आणि डाव्या हाताने तो वरच्यावर झेलला. टोकापाशीच. पुढच्या क्षणी तो उजव्या हातात होता. मग लघवी आली, फुगा भरला, बॅग पलंगाच्या दांडीला लागली. मॅडम परत आल्या तेव्हा भाग्यश्री आजींचं लुगडं सारखं करत होती. "छान," मॅडम म्हणाल्या. मोरे सिस्टरही येता येता बघून गेल्या आणि म्हणाल्या, "हात हलका आहे हिचा."

वॉर्डात व्हिडिओ नसला तरी निळी यादी रोज भरायची, असा मॅडमचा दंडक होता. रात्री हॉस्टेलवर जेवण झाल्यावर भाग्यश्री ती भरायला बसली. चौदाव्या मुद्द्याशी पेन अडलं. 'डावा हात रुग्णाला लागल्यावर ट्रेकडे किंवा कॅथेटरकडे परत आला नाही.' पूर्वी तिने डोळे झाकून खूण केली असती. पण पालथ्या फोनच्या त्या दिवसानंतर तिने किती वेळा नुसता डावा हात बघितला होता. आता तो तिला न बघताही दिसायचा.

"अंजुम, दुपारी माझा डावा हात कॅथेटरला लागला का गं?"

अंजुम कपडे वाळत घालत होती. तिने पटकन उत्तर दिलं नाही.

"लागला," ती म्हणाली.

"तू बघितलंस?"

"टॉर्च माझ्याच हातात होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मलाच चुकून तसं दिसलं. तुझं कसं चुकेल?"

रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. भाग्यश्रीचं म्हणणं पडलं, सकाळी मॅडम आल्या की सांगू. अंजुम काहीच बोलेना. ओला टॉवेल तसाच हातात धरून उभी राहिली. शेवटी भाग्यश्रीनेच फोन लावला. मॅडमनी ऐकून घेतलं, कुणावर आवाज चढवला नाही, आणि सांगितलं की वॉर्डनला घेऊन आत्ता वॉर्डात जा, नाइटच्या सिस्टरना झालं ते झालं तसं सांगा, मी निघालेच.

नाइटच्या सिस्टरनी ऑर्डर घेतली, कॅथेटर काढला आणि नवा घातला. अंजुमने पुन्हा गुडघा धरला. आजी झोपेतून उठवल्यामुळे वैतागल्या होत्या. "आता परत कशाला?"

"आजी, दुपारी माझा हात चुकला," भाग्यश्री म्हणाली. "म्हणून परत करावं लागतंय."

"मग दुपारीच सांगायचं होतंस की. आत्ता कुठं डोळा लागला होता माझा."

या वाक्याचा राग भाग्यश्रीला आला नाही, पण तिने ते मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं ते अंजुमने.

सकाळी मोरे सिस्टरांनी स्टॉक रजिस्टर उघडलं आणि वॉर्ड दणाणून सोडला. एका पेशंटच्या नावावर एका दिवसात दोन फोली, दोन युरोबॅग, ग्लोव्हजच्या तीन जोड्या. स्टोअरवाला त्यांच्या नावाने शंख करणार होता. कारण कळल्यावर त्या थोड्या थंडावल्या, एवढंच. आजींचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, ताप आला नाही, कॅथेटर लवकर निघाला. त्यावरून काही सिद्ध होत नाही. पहिला कॅथेटर तसाच राहिला असता तरी कदाचित काही झालं नसतं. नर्सिंगमधल्या बहुतेक चांगल्या कामांचा पुरावा असा हाती लागतच नाही.

मॅडमनी भाग्यश्रीला फार काही ऐकवलं नाही. ती कबूल करून मोकळी झाली होती आणि तिचा डावा हात पुढे कसा वागेल याची त्यांना काळजी उरली नव्हती. त्यांनी बोलावलं अंजुमला. तिचा पहिला कागद पुढ्यात ठेवला, निळ्या अकरा, हिरव्या एकोणीस.

"ही आठची चूक मी तेव्हा चूक म्हणून धरली नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कमी समजतेय तर समजू दे, बिघडतंय काय."

"मॅडम, पहिल्या नंबरच्या मुलीला मी कसं सांगणार?"

"तुला दिसलं होतं की नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग ते खोटं कुणी ठरवलं?"

अंजुम गप्प बसली. मॅडमही फार ताणत बसल्या नाहीत.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डनिंग आणि क्रुगर यांनी 1999 साली माणसं स्वतःला कशी जोखतात यावर निबंध लिहिला. ज्यांना कमी येतं ते स्वतःला फार वर धरतात, हा त्यातला भाग लोकांनी उचलून धरला, कारण तो दुसऱ्यावर फेकायला सोयीचा आहे. ज्यांना चांगलं येतं ते इतरांच्या तुलनेत स्वतःला खाली धरतात, हेही त्याच निबंधात होतं. त्याकडे कुणी फारसं बघत नाही. आपण त्याला विनय म्हणतो आणि बक्षीस देतो, मुलींना तर जरा जास्तच. पण आजींच्या पलंगापाशी जे घडलं त्यात एकीला स्वतःचा हात दिसला नाही आणि दुसरीने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, आणि कॅथेटरच्या टोकाला त्या दोहोंत फरक करता येत नव्हता.

त्यानंतर लॅबमध्ये चित्रण दोघींचं व्हायला लागलं, करणारीचं आणि मदतनिसाचं. मदतनिसालाही यादी मिळाली. तिच्यातला एक मुद्दा असा, 'जे दिसलं ते तिथल्या तिथे, ऐकू जाईल असं सांगितलं.' काय म्हणायचं यावर वर्गात बराच खल झाला. "अगं तुझा हात लागला वाटतं" इतकं लांब बोलेपर्यंत कॅथेटर आत गेलेला असतो. आणि आजींच्या कानावर 'चुकलं, चुकलं' पडलं तर त्या घाबरतील ते वेगळंच. किरण नावाच्या मुलाने तोडगा सुचवला की फक्त 'हात' म्हणायचं. ऐकणाऱ्याने वाद न घालता थांबायचं, जे लागलं ते बदलायचं, मग पुढे जायचं. खरंच लागला होता का, हे नंतर बघता येईल. तेच ठरलं.

भाग्यश्री मुद्दाम चुकायची आणि अंजुम मदतीला उभी. पहिल्या चित्रणात अंजुमचे ओठ हलताना दिसले, आवाज फोनपर्यंत पोचलाच नाही. निळ्या पेनाने तिने तिथे खूण केली होती. व्हिडिओ बघून लाल पेनाने ती स्वतःच खोडली. पुढच्या वेळी ऐकू आलं, पण ते तिने भाग्यश्रीला नव्हे, शेवंताआजीला सांगितल्यासारखं. मग एकदा ती इतक्या जोरात ओरडली की किरणच्या हातून किडनी ट्रे पडला आणि बाहेर व्हरांड्यातून क्लार्क बघायला आला. तो व्हिडिओ पुसायच्या आधी सगळ्यांनी बघितला, नियम मोडून. हळूहळू आवाज बसला. तिच्या निळ्या खुणाही सोळा-सतरापर्यंत आल्या. त्याहून वर त्या परीक्षेपर्यंत गेल्या नाहीत, पण हिरव्यांशी अंतर दोन-तीनचंच उरलं.

फेब्रुवारीत फीमेल वॉर्डात एका रात्री तीन पेशंट एकदम आले. सकाळच्या पाळीत मोरे सिस्टर स्वतः कॅथेटर टाकायला बसल्या. मदतीला समोर जी दिसली तिला हाक मारली, ती अंजुम होती. सिस्टरांचा वेग नेहमीचा. पडदा ओढला, बाईला दोन शब्द सांगितले, पाकीट फोडलं, ग्लोव्हज चढवले, डावा हात जागेवर, उजव्याने पुसलं. पडद्याबाहेरून कुणीतरी विचारलं, "सिस्टर, रक्ताची बाटली आली का?" त्यांनी तिकडे मान वळवली आणि बोलता बोलता डाव्या हाताने ट्रे जवळ ओढला.

"सिस्टर, हात," अंजुम म्हणाली.

मोरे सिस्टर थांबल्या. मास्कच्या वरून त्यांनी अंजुमकडे बघितलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या वर्षाच्या मुलीने त्यांना असं थांबवलेलं नव्हतं, आणि अंजुमचा चेहरा तर त्याच क्षणी पांढरा पडला होता. पण तिने नजर ट्रेवरून हलवली नाही.

सिस्टरांनी ट्रे बाजूला सारला आणि ग्लोव्हज काढून टाकले.

"साडेसहाचे फोड," त्या म्हणाल्या. "नवा सेट पण काढ. आणि रजिस्टरला कारण तूच लिही, स्टोअरवाला मला विचारतो."